मोरपंखी झग्याची डावी बाही

मित्रांनो, मला डोके नाही हे आधीच सांगून टाकतो; मागाहून कोणाची निराशा नको. हातही नाहीत. मी शिंपीकामाचा एक जुना पुतळा आहे. मानेच्या जागी लाकडी मूठ आणि कमरेखाली एक दांडा, एवढाच माझा पसारा. व्याकरणाने मी पुल्लिंगी, अंगकाठी मात्र बाईची. उभ्या जन्मात मला स्वतःचे असे काही घालायला मिळाले नाही. जे अंगावर चढले ते दुसऱ्याचे होते आणि दुसऱ्याकडेच गेले.

कागदाच्या लगद्याचे थर साच्यावर चढवून मला घडवले. थर वाळल्यावर त्यावर कापसाची गादी आली आणि तिच्यावर जाड सुती कापड ताणून शिवले. कारखान्यात माझे भाऊबंद रांगेने उभे होते, सगळे एकाच मापाचे. त्या मापाची बाई मला पुढे कधी भेटली नाही.

तेथून मी बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात आलो. दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते तोंडात टाचण्या धरून बोलत आणि तरीही गिऱ्हाइकांना सगळे कळत असे. थंडी तोंडावर आली की मला काचेमागे उभे करत. रुंद कॉलर, छातीवर एकावर एक येणारे दोन पदर, आवळलेली कंबर आणि तेथून पोटरीपर्यंत फुलत गेलेला घेर, असे लोकरी झगे तेव्हा चालत. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकून म्हणत, "काय सुंदर!" त्या झग्याला म्हणत, मला नव्हे. मी ते मनाला लावून घेतले नाही.

पुढे तयार कपड्यांची दुकाने निघाली. झग्यांचा घेर आटला, गिऱ्हाइके आटली आणि मास्तरांची नजरही अधू झाली. दुकान बंद करायच्या दिवशी त्यांनी हाताखालच्या मुलीला विचारले, "तुला काय देऊ?"

"पुतळा द्या."

"मशीन सोडून पुतळा? बरं बाई, ने. आणि हेही ने." असे म्हणून त्यांनी मोरपंखी रंगाच्या लोकरी कापडाचा शेवटचा तुकडा माझ्या खांद्यावर टाकला. एक झगा होईल, एवढाच तो होता. ती मुलगी म्हणजे माझी मालकीण.

मालकिणीचे लग्न झाले. यजमान बस चालवत. घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे. मोरपंखी कापड पेटीच्या तळाशी गेले आणि मी दाराजवळच्या कोपऱ्यात गेलो. मालकीण घरबसल्या शिवणकाम करत असे. पण ते म्हणजे चेन बदलणे, पँट आखूड करणे, उसवलेले शिवणे. त्या कामाला पुतळा लागत नाही. माझ्या मानेच्या मुठीवर यजमानांची टोपी आली, खांद्यावर बाजाराच्या पिशव्या आल्या, पावसाळ्यात ओल्या छत्र्या आल्या. यजमान येता-जाता माझी पाठ थोपटून म्हणत, "या घरात माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकटाच!" माझा एक खांदा ओलीने फुगला. पण तक्रार करणे हे माझे काम नव्हे.

त्याच घरात मागच्या खोलीत यजमानांची थोरली बहीण राहत असे. तिला सगळेच ताई म्हणत. ती संगीतशाळेत व्हायोलिन शिकवायची. रोज सकाळी चहाच्या आधी तिचा रियाज चाले. दूधवाला म्हणे, "तुमच्याकडे घंटी वाजवायची गरजच नाही, व्हायोलिन थांबलं की समजायचं दार उघडतंय."

एका वर्षी ताईच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तो स्तन काढून टाकला. घरात हे असे कोणी म्हणत नसे. 'ऑपरेशन' म्हणत आणि लगेच जेवणाचा विषय काढत. ताई त्यातून उठली. हात हलवा, वर करा, हवे तर वाजवाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण व्हायोलिनची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. ताई भावाचा ढगळ स्वेटर घालून खिडकीशी बसू लागली. शाळेत जाणे बंद झाले. सकाळी घरात किटलीचा आवाज तेवढा होई.

थंडीत संगीतशाळेचा वार्षिक कार्यक्रम असे. शाळेच्या मुख्य बाई स्वतः घरी आल्या, खूप बोलल्या. ताई म्हणाली, "या वर्षी नको. माझ्याकडे घालायला काही नाही."

मुख्य बाईंना ते कारण पोरकट वाटले असावे. मालकिणीला वाटले नाही. दारातून त्यांना निरोप देऊन ती परत फिरली आणि माझ्यावरच्या पिशव्या एकेक करून उतरवू लागली.

दुसऱ्या दिवशी मोरपंखी कापड पेटीतून निघाले. तिने त्यावर ओले फडके टाकून वरून इस्त्री फिरवून ते आधी आटवून घेतले. लोकर नंतर आटली तर शिवलेले सगळे वाया जाते. मग टेप घेऊन ती माझ्यापुढे बसली. ताईच्या जुन्या कपड्यांवरून तिने माझी कंबर चिंध्या गुंडाळून भरली. खांदे थोडे उतरते केले. शेवटी ब्लेडने माझ्या डाव्या छातीवरचे टाके उसवले आणि आतला कापूस काढून टाकला. मला दुखले नाही. दुखायला माझ्याजवळ काही नाही.

यजमान कामावरून आले, टोपी अडकवायला हात वर केला आणि तसेच उभे राहिले.

"हे काय केलंस याचं?"

"माप जुळवतेय."

ते स्टुलावर बसले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "तिला विचारलंस?"

"विचारलं तर नको म्हणतील."

"म्हणून विचारायचंच नाही?"

मालकिणीने कात्री उचलली.

झगा जुन्या धर्तीचा करायचा, हे तिने मनाशी पक्के केले होते. बाजारातले कपडे अंगाला चिकटून बसत आणि जे आहे-नाही ते चारचौघांत मांडत. जुन्या झग्याची रुंद कॉलर छातीवर पसरते, दोन पदर चुण्या घेऊन एकावर एक येतात. आत काय आहे ते ज्याचे त्याला माहीत. ताई दुपारी औषध घेऊन झोपे, तेवढ्यात काम चाले. आधी कच्चे टाके, मग मशीन. कॉलरच्या आत कॅनव्हास, घेराला अस्तर. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर भारी कापड आले होते. ते चांगले पडत होते, एवढेच म्हणेन. काम संपले की मालकीण माझ्यावर जुनी चादर टाकून ठेवी.

अडले ते बाह्यांपाशी. उजवी बाही बसली. डावी तिने लावली, उसवली, पुन्हा लावली. व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरतात. हात वर आणि पुढे न्यावा लागतो. ताईच्या त्या बाजूची कातडी अजून ओढली जात होती. मुंढा, म्हणजे बाही बसते ते भोक, किती खोल ठेवायचा, बगलेत किती ढील द्यायची, हे कोण सांगणार? मालकीण माझ्या खांद्याकडे बघत राहिली. तेथे लाकडी चकती होती. मी तिला काही मदत करू शकलो नाही.

आणि त्याच दुपारी ताईला झोप लागली नव्हती. ती सुईदोरा मागायला आली आणि दारातच थांबली. झगा त्या वेळी मालकिणीच्या मांडीवर होता. मी उघडा होतो.

ताईने माझ्याकडे पाहिले. जवळ येऊन माझ्या सपाट बाजूवर तळहात ठेवला.

"ही मी आहे का गं?"

मालकीण उठून उभी राहिली. टाचण्यांचा डबा खाली सांडला.

"ताई, मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी? मी आरशात बघायचं टाळते. आणि तू मला दाराशी उभं केलंस? येणारा-जाणारा टोपी अडकवतो तिथे?"

"चादर टाकते मी रोज."

"चादर!" ताई म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर घरात बोलणे जेवणापुरते उरले. यजमान एकदा मालकिणीला म्हणाले, "मी म्हटलं होतं." त्यावर तिने असे काही पाहिले की ते वर्तमानपत्रामागे गेले. झगा एका बाहीचा तसाच घडी होऊन पडला. मालकिणीने सुई हातात धरली नाही. कापूस परत भरावा म्हणून ती एकदा माझ्याजवळ आली, पण तेही तिने केले नाही. कार्यक्रम जवळ येत होता. खिडकीच्या काचा सकाळी धुक्याने पांढऱ्या असत.

मग एका सकाळी ताई स्वतःच आली. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात व्हायोलिनची पेटी.

"ती चूक होती," मालकीण एकदम म्हणाली. "आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं." ताईने पेटी टेबलावर ठेवली. "आता विचार."

"ताई, झगा शिवू का तुम्हाला?"

"शीव. पण एक बाही घालून थंडीत कुठे जाऊ मी?"

मालकिणीने डावी बाही कच्च्या टाक्यांनी जोडली आणि दार लावून ताईने झगा अंगावर चढवला. व्हायोलिन हनुवटीखाली घेतले आणि डावा हात उचलला. हाताबरोबर सगळा झगा वर गेला. कंबर बरगड्यांपर्यंत पोचली.

"मी वाजवतेय की झगा वाजवतोय?" ताई म्हणाली. आधी मालकीण हसली, मग दोघी हसल्या, आणि हसता हसता ताई रडली. मालकिणीने तिला रडू दिले. मग मास्तरांसारख्या तोंडात टाचण्या धरून तिने विचारले,

"कुठे ओढतंय?"

"इथे. नाही, जरा मागे. हात लाव, लाव. मोडणार नाही मी."

मालकिणीने बोटाने जागा चाचपली आणि खडूने खूण केली. बगलेत एक उरेब कळी घालायची होती, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाचा चौकोनी तुकडा. तिरके कापड ओढ घेते. कापड मात्र उरले नव्हते. कमरपट्ट्यासाठी राखलेला तुकडा तेवढा होता. तो कळीत गेला आणि पट्ट्याच्या जागी काळी रिबीन आली. ताईला ती जास्त आवडली. पुन्हा अंगावर घालून तिने हात उचलला, तेव्हा हात तेवढा वर गेला आणि झगा जागच्या जागी राहिला. ती थोडेसे वाजवून बघणार होती. वाजवत राहिली. स्वयंपाकघरात दूध उतू गेले.

कार्यक्रमाला मी नव्हतो. मला कोण नेणार? यजमानांनी त्या दिवसाची फेरी दुसऱ्याला दिली होती. परत आल्यावर ते स्टुलावर बसून मला सगळे सांगू लागले. ताईचा दुसऱ्या रचनेत एक स्वर घसरला, पण तिने तो सावरला. मुले टाळ्या वाजवायची थांबेनात. सांगता सांगता ते सारखे नाक पुसत होते. बाहेर फार थंडी होती, असे त्यांनी आपणहून सांगितले.

पुढे ताईच्या ओळखीने दवाखान्यातल्या, तसेच ऑपरेशन झालेल्या बायका मालकिणीकडे येऊ लागल्या. कोणाची उजवी बाजू, कोणाची डावी, कोणाचा खांदा वर-खाली. माझ्या अंगातला कापूस सारखा इकडचा तिकडे होत असतो. आता मी आतल्या खोलीत असतो. टोपीसाठी भिंतीला खुंटी ठोकली आहे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे, कापड जागोजाग विरले आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला ओलीपासून जपा. कागदाचे अंग एकदा फुगले की पूर्ववत होत नाही. आणि कोणासाठी प्रेमाने काही शिवत असाल, रांधत असाल, घर मांडत असाल, तर त्या माणसाला आधी बोलावून घ्या. मालकीण आता तसेच करते. नवी बाई आली की ती टेप स्वतः उघडत नाही. टेप त्या बाईच्या हातात देते आणि म्हणते, "तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तिथून सुरुवात करू." काही जणी लगेच सुरू करतात. काही जणी टेप हातात धरून नुसत्या बसून राहतात, आणि मालकीण चहा टाकायला उठते.