माणिकरावाच्या मांडवातली ताटं

दैवशालाची मोरी शेळी दुखण्याच्या चौथ्या दिवशी उन्हं कलायच्या आत गेली. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. चाऱ्याला तोंड लावायची नाही, नुसती दात खात दैवशालाकडं बघत राहायची. गाभण होती. ताडकळसहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरानं मेल्यावर तिचं पोट फाडलं आणि दोन्ही हातांनी आतून जो गोळा ओढून काढला, तो बघून दैवशालाचा नवरा परमेश्वर दोन पावलं मागं सरला. कॅरीबॅगा, द्रोण, चहाचे कप, पाकाचा वास लागलेल्या पिशव्या. सगळं एकमेकांत पिळून दोरखंडासारखं झालेलं. पोटातली दोन पिल्लंही गेली होती.

"हे कुठून आलं?" डॉक्टरानं विचारलं.

सगळ्यांनाच ठाऊक होतं. गावाबाहेर माणिकरावाचं मंगल कार्यालय होतं. एकेका लग्नात हजार-बाराशे माणूस जेवून उठायचं आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे गिलास, खरकटं, सगळं मागच्या भिंतीवरून सरळ गायरानात पडायचं. धनगरांच्या तीस घरांची मेंढरं-शेळ्या त्याच गायरानात चरायच्या. आधीही शेळ्या मेल्या होत्या, पण रोग आला म्हणून लोक गप्प बसले होते.

दैवशालानं तो गोळा घमेल्यात घातला आणि ग्रामसभेत नेऊन माणिकरावाच्या पुढ्यात ठेवला.

"हे तुमचं हाय," ती म्हणाली. "माझ्या शेळीच्या पोटातून निघालं."

माणिकरावानं वाकून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. "च्यायला! तुझ्या शेळीला मी काय चूलबंद आवतण देलं होतं का? ती आपल्या मनानंच पंगतीला बसली की!"

सगळी सभा खो खो हसली. पुरुष हसले ते हसले, पण बचत गटाची अध्यक्ष सुलाबाई, जिच्या बाळंतपणात दैवशालानं शेळीचं दूध पोचवलं होतं, तीही पदर तोंडाला लावून हसली. दैवशालानं घमेलं उचललं. घरी आल्यावर ती परमेश्वराला एवढंच म्हणाली, "हा माणूस ह्याच गावात मान खाली घालून फिरला पायजे. तवर मला घास गोड लागायचा न्हाई."

आणि ती कामाला लागली.

प्रत्येक लग्नानंतर ती गायरानातून दोन पोती कचरा वेचायची आणि पुढच्या लग्नाच्या दिवशी, वऱ्हाड उतरायच्या घटकाभर आधी, कार्यालयाच्या पायऱ्यांवर नेऊन ओतायची. नवरदेवाकडची माणसं नाकं मुरडायची. माणिकरावानं पोलीस बोलावला. जमादारानं दैवशालाला दरडावून विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "साहेब, ह्यांचा माल हाय. चुकून आमच्याकडं येतो. मी वापस द्यायलेय. चोरी केली का?" जमादार मिशीत हसला आणि निघून गेला.

मग माणिकरावानं युक्ती बदलली. थोडा कचरा खड्डे करून पुरायचा, बाकीचा पेटवायचा. काळा धूर नेमका धनगरांच्या घरांवर यायचा. दैवशालाची सासू मनकर्णाबाई महिनाभर खोकत राहिली. तेव्हा दैवशालाला कळलं, कचरा परत करून ह्या माणसाला काही होत नाही. कचरा होऊच न देता गावानं आपली लग्नं देवळापुढं लावली, तर ह्याचं कार्यालय बसेल. तिचा राग जरासुद्धा कमी झाला नाही, फक्त शहाणा झाला.

सुलाबाईच्या लेकीचं, सविताचं, लग्न ठरलं होतं. माणिकरावाच्याच कार्यालयात. दैवशाला तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

"सुले, त्या दिवशी तू हसली होतीस."

सुलाबाईचा चेहरा उतरला. "चुकलंच बाई माझं."

"मग सविताचं लग्न देवळाम्होरं कर. पंगत स्टीलच्या ताटात. भांडी मी गोळा करते, घासायचा जिम्माबी माझा."

आपल्याकडं एकही ताट नावाशिवाय नसतं. कुणाच्या लग्नात आलेलं, कुणाच्या बारशाला दिलेलं, मागं नाव कोरलेलं. दैवशालानं घरटी चार ताटं, चार गिलास मागितले. नावावरून ज्याचं त्याला परत. पंगत उठली तशा बायका राख घेऊन बसल्या. खरकटं शेळ्यांना गेलं, भांड्यांचं पाणी चर काढून देवळामागच्या केळीला सोडलं. वऱ्हाड गेल्यावर मागं मूठभरही कचरा उरला नाही.

ते लोकांना आवडलं. मग दुसरं लग्न तसंच झालं, मग तिसरं, मग बारसं, मग तेराव्याची पंगतसुद्धा. आठवडी बाजाराला जाताना बायका जुन्या लुगड्याच्या पिशव्या नेऊ लागल्या. दुकानदारानं कॅरीबॅग पुढं केली आणि दैवशाला तिथं उभी असली, तर त्याचा हात आपोआप मागं यायचा. दोन वर्षांत माणिकरावाच्या कार्यालयाच्या दाराला जळमटं लागली. तालुक्याच्या एका कार्यक्रमात दैवशालाला शाल-नारळ मिळालं. पर्यावरणाची सेवा केली म्हणून. दोन शब्द बोला म्हटल्यावर ती माईकपुढं म्हणाली, "मला आमच्या गावच्या माणिकरावाचं वाटोळं करायचं हाय. म्हणून केलं." लोकांना तो विनोद वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या वर्षी माणिकरावाच्या लेकीचं, अर्पिताचं, लग्न निघालं. गावातल्या बायकांनी निरोप धाडला, थर्माकोलमध्ये वाढणार असाल तर आमच्या घरातलं कुणी जेवायला येणार नाही. पोरीच्या लग्नात गाव जेवलं नाही, तर सोयऱ्यांपुढं इज्जत काय राहणार? माणिकरावानं आधी आपला माणूस, नागेश, ताटं मागायला पाठवला. दैवशालानं त्याला दारातूनच वापस लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव स्वतः आला.

आपल्या भागात वैरी आला तरी पाण्याचा तांब्या पुढं होतो. दैवशालानं ना बसा म्हटलं, ना पाणी दिलं. ती शेळ्यांना पाला टाकत राहिली.

"दैवशालाबाई, आठशे ताटं पायजेत," तो म्हणाला. तिच्या नावाला बाई लावायची ही त्याची पहिलीच वेळ.

"माझ्याकडं बारा हायेत. बाकीची गावाची."

"मग गावाला सांगा की."

"मी कामून सांगू? लग्न तुमचं हाय. तुमी घरोघर जाऊन मागा. गडी पाठवायचा न्हाई, गाडीवर जायचं न्हाई."

माणिकरावाच्या कपाळावरची शीर टरारली. "माणसाला किती वाकवशील?"

"अजून कुठं वाकलाव? आन् एक. लग्न उरकलं की गायरानात जे पुरलंय ते उकरून काढायचं. तुमच्या हातानं. ते साफ झाल्याबिगर तुमच्या कार्यालयात गावची एक बाई पुन्हा पाय ठेवणार न्हाई. मग दाराला कुलूपच लावा."

तो तरातरा निघून गेला. दैवशालाला वाटलं, गेला. पण लग्नाला पाच दिवस उरले होते. दुपारी तो सुलाबाईच्या दारात उभा राहिलेला लोकांनी पाहिला.

तीन दिवस तो हिंडला. दैवशाला काठी घेऊन दहा पावलं मागं चालायची. म्हाताऱ्या कडूबाईला चांगलं ऐकू यायचं, तरी तिनं कानामागं हात धरून तीनदा विचारलं, "काय पायजे म्हनलास?" आणि माणिकरावानं तीनदा सांगितलं, "ताटं, मावशी. ताटं." गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. ह्या वेळी दैवशाला हसली. पदर न लावता हसली.

लग्न झालं. गाव पोटभर जेवलं. दैवशालाही जेवली, दोनदा बुंदी मागून घेतली आणि वाढायला खुद्द माणिकराव होता.

चार दिवसांनी सकाळी तो कुदळ आणि पोती घेऊन गायरानात आला. बारा वर्षांचा कचरा, थोडा पुरलेला, बाकीचा पावसापाण्यानं ढेकळांखाली दबलेला. एक कॅरीबॅग ओढली की तिच्यामागं दहा यायच्या. साठीचा माणूस, दुपारपर्यंत धोतर मातीनं माखलं, तळहाताला फोड आले. शेळ्या राखत दैवशाला बांधावर बसली होती, शेजारी परमेश्वर. त्याला राहवलं नाही.

"बास कर आता. दमलाय तो."

दैवशालानं ऐकलं. तिला वाटलं होतं, हा असा राबताना दिसला की पोटातली आग विझेल. विझली नव्हती. पण तिची ऊब आता बरी वाटत होती.

ती उठली, शेळ्या वळवल्या आणि काठीनं लांबची बाभळ दाखवली.

"माणिकराव," ती ओरडली, "तिकडं बुडाशी अजून लय राहिलंय."