ढगातल्या झुडपाचं फूल

"तुम्हाला हे खरं वाटणार नाही, आणि वाटू नयेच," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "पण त्या डोंगरावर धुकं इतकं दाट, की मी टोपी काढून हवेत टांगली आणि परत येताना तिथूनच उचलली."

"मागच्या वेळी छत्री टांगली होती," वनस्पती-संग्रहालयाच्या खिडकीपाशी बसलेल्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या. वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर दोऱ्यानं टाचण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती, उरलेली अर्धी काकांच्या थापा ऐकण्यात.

"छत्री दुसऱ्या दिवशी."

पुतणी हसली नाही. तिच्यासमोर टेबलावर चाळीस वर्षांपूर्वी वाळवलेल्या फांदीचा नमुना होता. ढगांत बुडालेल्या जंगलातलं हे झुडूप काकांनीच पहिल्यांदा जगापुढे आणलेलं. आता त्याचं वर्णन ती नव्यानं लिहीत होती आणि उद्या पानं छापायला जायची होती. एकच ओळ तिनं कोरी ठेवली होती: पहिला नमुना कोणी तोडला. "ती तुमच्या तोंडून ऐकूनच लिहीन," असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

सकाळी दाढी करताना काकांनी आरशाला सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती निसरडी चढण बघून आपण घाबरलो आणि पायथ्याच्या विश्रामगृहात पांघरूण घेऊन बसलो. वर गेला तो धाकटा भाऊ, हिचा बाप. दोन दिवसांनी चिखलानं बरबटून उतरला, काखेत टीपकागदात दाबलेल्या फांद्यांचं बाड. काकांनी बाड घेतलं, वर्णन लिहिलं आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर तोडणारा म्हणून स्वतःचं नाव टाकलं. छापून आल्यावर धाकट्यानं ते उभ्या उभ्या वाचलं, "छान लिहिलंयस, दादा" म्हणाला, आणि पुन्हा कधी त्यांच्याबरोबर डोंगरावर गेला नाही. सांगू, सांगू म्हणता म्हणता तीन वर्षांपूर्वी तो वारला. निदान त्याच्या लेकीला तरी आज सांगायचंच, असं ठरवून काका घरातून निघाले होते.

पण इथे बाईंनी शिवणातून मान वर केली, ऐकायला कान मिळाले, आणि काकांची जीभ आपल्या जुन्या वाटेनं सुटली.

"जळवा तर अशा, की खाली आलो तेव्हा माझं वजन चार किलोनं कमी आणि त्यांचं पाच किलोनं जास्त."

"वरचं एक किलो कुणाचं?"

"घोड्याचं."

"घोडा कधी आला?"

"बाई, तुम्ही टाके घाला."

"काका," पुतणी म्हणाली, "झुडूप कसं दिसलं ते सांगा ना."

ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं. "छातीइतकं उंच. कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव. पानं समोरासमोर, चामड्यासारखी, टोकाला लांब शेपूट, पाणी निथळून जायला. पानाच्या बगलेत एकेकटं फूल, घंटेसारखं, मान खाली घातलेलं."

ओल्या फांदीपुढे एकटाच उभा असलेला धाकटा त्यांना दिसला. आता सांग, ते मनाशी म्हणाले. सांगून मोकळा हो.

"आणि मी ते अस्सं तळहातावर उचललं," ते म्हणाले.

"झाडावरच? ताजं?"

"ताजं म्हणजे, दव टपकत होतं."

"मग रंग कोणता होता?"

"पिवळा. हळदीसारखा. धुक्यात कुणी दिवा लावावा तसा."

पुतणीनं पेन खाली ठेवलं.

"मागच्या आठवड्यात मी त्या माथ्यावर होते, काका. फूल पांढरंशुभ्र असतं. कळी असल्यापासून गळून पडेपर्यंत. कागदात दाबलं, की दोन दिवसांत पिवळं पडतं."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "त्या दिवशी ऊन जरा..."

"एवढ्या धुक्यात?" बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही खोटं बोलताय," पुतणी म्हणाली. "तुम्ही फूल कागदातलंच पाहिलंत, वर गेलाच नव्हतात. ते पांढरं असतं, हे बाबा मला लहानपणीच सांगायचे. तिथे बाबा गेले होते."