कपाटातली काच

आम्ही प्रवासाला निघालो तेव्हा घरात चार भेगा होत्या.

पहिली स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, केसाएवढी. दुसरी जिन्याखाली, तिच्यात नख जेमतेम अडकायचं. तिसरी आई-बाबांच्या खोलीत, शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडच्या भिंतीवर, पलंगाच्या उशाशी. चौथी त्याच भिंतीत बसवलेल्या कपाटाच्या आत, पाठीवर. तिसरी आणि चौथी आतून एकच असणार, पण दोन ठिकाणी दिसत होती म्हणून मी दोन मोजल्या. कपाटातली सगळ्यांत रुंद होती: एक पॉइंट दोन मिलिमीटर.

अकरा महिन्यांनी जगाला वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा घरात एकही भेग नव्हती.

"बॅगा भिंतीला घासू नका," काका दार धरून म्हणाले. "रंग अजून कोवळा आहे."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. शाळेची बस चालवतात. सकाळची आणि संध्याकाळची फेरी सोडली तर दुपार मोकळी. घराच्या किल्ल्या आम्ही त्यांच्याकडे दिल्या होत्या, झाडांना पाणी घाला एवढंच सांगून.

बाबा उंबऱ्यातच थांबले. आतल्या भिंती फिक्या पिवळ्या झाल्या होत्या, जिन्याचा कठडा तेलपाण्याने चकचकत होता. "अरे, हे तू केलंस?"

"मग कोणी? फोनवर मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, दादा जग बघून येतोय, घर बघून तोंडात बोट गेलं पाहिजे."

बाबांनी खरंच तोंडावर हात ठेवला. आईने बॅग खाली ठेवली, भिंतीकडे बघून मान डोलावली आणि सरळ खोलीकडे चालू लागली. जग बघणं ही बाबांची हौस होती. लेथवर बत्तीस वर्षं उभं राहून निवृत्त झाल्यावर त्यांना एकदाच, सलग, सगळं बघायचं होतं. आईची हौस दुसऱ्या आठवड्यात फिटली आणि उरलेलं सगळं जग तिने भूगोलाच्या तासासारखं बाबांच्या शेजारी बसून सोसलं. प्रत्येक नव्या खोलीत ती आधी उशी दाबून बघायची. "ही उशी की वीट?" असं म्हणायची आणि मग, "एकदा माझ्या पलंगावर आडवी होऊ दे. नंतर घराला आग लागली तरी मला उठवायचं नाही, सांगून ठेवते."

मी मात्र अजून बाहेरच होते. टॅक्सीतून उतरल्यापासून एक आवाज कानात बसला होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटभोवती आता पत्र्यांचं उंच कुंपण होतं आणि आत पंप चालू होता. पत्र्याखालून निघालेली जाड नळी गटारात गढूळ पाणी ओतत होती. मी दोन पत्र्यांच्या फटीला डोळा लावला. जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती. आमच्या घराची दोन मजल्यांची उंची उलटी करून ठेवावी इतका खोल खड्डा, आणि त्याची अलीकडची कड आमच्या भिंतीपासून हातभर.

मी आत गेले. "काका, हा खड्डा कधीचा?"

"झाले की चार-पाच महिने. मोठी इमारत येतेय. खाली गाड्या ठेवायला तळघर. पाणी लागतंय म्हणून पंप. तुला त्रास होईल आवाजाचा, पण सवय होते."

"आणि रंग कधी दिलात?"

"मागच्या आठवड्यात. रंग शेवटी गं. आधी बाकीची कामं काढली." काका खुशीत आले. बोटं मोडत सांगू लागले, "तुमच्या खोलीचं दार खाली घासायला लागलं होतं. रंधा मारला, लोण्यासारखं फिरतंय आता. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली, पोरांनी चेंडू मारला असेल, ती बदलली. न्हाणीघराच्या दारातली फरशी उचकटली होती, ती बसवली. भिंतींवर बारीकसारीक चिरा होत्या, पुट्टी भरून सपाट केल्या. आता भिंग घेऊन शोध, सापडली तर सांग."

बाबा हसत होते. मला हसता येईना. काका एकेक काम सांगत होते आणि मी मनात घराचा नकाशा काढून त्यावर खुणा करत होते. दार, खिडकी, फरशी. तिन्ही खड्ड्याच्या बाजूला.

"काका, चेंडू घरात सापडला होता?"

"कुठला चेंडू?"

"काच फोडली तो."

काकांनी जरा विचार केला. "नाही बुवा. काच खालीही पडली नव्हती. नुसती तडकली होती, जागच्या जागी."

"आणि भिंतींवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या."

"हां, त्या काढल्या. कसल्या गं होत्या?"

त्या प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या होत्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशा. माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण इमारतींची इंजिनिअर आहे. निघण्याआधी मी तिला घर दाखवलं होतं. तिने भिंतींवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाली, बहुतेक जुन्या आहेत, पण बहुतेक या शब्दावर मी सही करत नाही. प्रत्येक भेगेवर आडवी काच चिकटव. भिंत हलली तर काच ताणत नाही, तुटते. परत आल्यावर शाबूत दिसली तर सावकाश दुरुस्ती करा. तुटली असली तर भेग मोज. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर मला बोलवा. पाचच्या वर असेल तर आधी सगळे बाहेर पडा आणि मग मला बोलवा, कारण तुमचा वरचा मजला याच भिंतीवर बसलाय.

"त्या काढताना तुटल्या का?" मी विचारलं.

"तुटलेल्याच होत्या. म्हटलं, पोरीने काय ही काच लावून ठेवलीय, कोणाचा तरी हात कापेल."

"तिन्ही?"

"खिडकीजवळची शाबूत होती वाटतं. नाही, तीही गेली होती. आता एवढं कोण लक्षात ठेवतं?"

"बाबा, आपण बाहेर जाऊ या," मी म्हणाले. "आधी बाहेर, मग बोलू."

बाबांचं हसू हळूहळू गेलं, पण जिथे जायला हवं तिथे गेलं नाही. ते माझ्यावर चिडले. "आमच्या शास्त्रज्ञबाईंना घरात येऊन पाणीसुद्धा प्यायचं नाही. अगं, त्याने दुपारच्या दुपार घालवून घर उभं केलंय, आणि तू त्याला चेंडू कुठे आहे म्हणून विचारतेस. पोलीस आहेस का?"

"मी काकांना काही म्हणत नाहीये."

"म्हणतेयस."

काका आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "दादा, काही चुकलं का माझं?"

"काही चुकलं नाही. हिला भेग दिसली नाही की करमत नाही."

"ती दिसत नाही तेच म्हणतेय मी," मी म्हणाले. "बुजवलेली भेग मोजता येत नाही. पण कपाटातली काकांनी बुजवलेली नाही."

"कपाटाला कुलूप होतं," काका म्हणाले. "किल्ली वहिनींकडे."

कपाटाची किल्ली आईच्या गळ्यात होती. काळ्या दोऱ्यात ओवलेली, ब्लाऊजच्या आत; विमानतळावर प्रत्येक तपासणीत तिच्यामुळे यंत्र वाजायचं आणि आई प्रत्येक वेळी तितक्याच अभिमानाने बाहेर काढून दाखवायची. मी खोलीत गेले. आई पलंगावर आडवी होती, डोळे मिटलेले, एक हात उशीखाली. उशापासून भिंत वीतभर. भिंत सपाट, पिवळी, निर्दोष.

"आई, किल्ली दे."

"नाही."

"आई."

"तुझ्या बापाने मला आख्ख्या पृथ्वीवर फिरवलं. मी कुठे नाही म्हटलं? आता मी म्हणतेय."

"फक्त कपाट उघडायचंय. तू तेवढा वेळ पुढच्या अंगणात बसशील?"

तिने डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे बघितलं. "आल्या आल्या मला वाटलं, पलंग हलवलाय कोणीतरी. डोकं खाली आणि पाय वर वाटतायत. म्हटलं, प्रवासाची चक्कर असेल." ती उठून बसली आणि दोरा डोक्यातून काढला. "आधी दार जरा वर उचलायचं आणि मग किल्ली फिरवायची. ते तसंच आहे पहिल्यापासून."

अंगणात मात्र ती गेली नाही. पायात चपला घालून खोलीच्या दारात उभी राहिली.

मी दार उचलून किल्ली घातली. ती फिरली, कुलूप उघडल्याचा आवाज आला, पण दार हललं नाही. खांदा लावून बघितला. चौकटीने दार वरच्या कोपऱ्यात असं धरलं होतं जसं कोणी दातात धरावं.

"थांब, रंधा आणतो," काका मागून म्हणाले. "पाच मिनिटांत मोकळं करतो."

"काका, आता काही घासू नका."

"मग हातोडी?"

"या भिंतीवर तर अजिबात ठोकू नका."

माझा आवाज चढला होता. बाबा आईच्या खांद्यावरून आत बघत होते. त्यांनी कपाटाचं दार बघितलं, मग चौकट, मग दोन्हींमधली फट: खाली बोटभर, वर शून्य. बत्तीस वर्षं त्यांनी दोन लोखंडी भागांमधली अंतरं बघून पगार घेतला होता. ते जिन्याखाली गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी घेऊन आले.

"बिजागऱ्या काढू," ते म्हणाले. "ठोकाठोक नको. तू दाराला हात लावून ठेव, सुटलं तर अंगावर येईल."

ते स्क्रू काढू लागले. रंगाच्या थराखाली प्रत्येक स्क्रूची खाच शोधावी लागत होती. एक निघाला की तो ते काकांच्या तळहातावर ठेवत, काका मूठ मिटत. पंपाची घरघर भिंतीतून येत होती. मी दारावर ठेवलेल्या हाताला ती कळत होती. आई म्हणाली, "अहो, सावकाश." बाबा म्हणाले, "सावकाशच करतोय."

शेवटचा स्क्रू अर्धा आला तेव्हा दार आपण होऊन पुढे आलं. मी ढकललं नव्हतं, बाबांनीही ओढलं नव्हतं. आत कोणीतरी टेकून उभं असावं आणि त्याने एकदम भार टाकावा, तसं ते माझ्या हातावर आलं. बाबांनी आणि मी ते उचलून पलंगाला टेकवलं.

आत कपड्यांचे गठ्ठे होते, आमची कागदपत्रं, आईचा दागिन्यांचा डबा. वरच्या कप्प्यातल्या घड्या बारीक पांढऱ्या भुग्याने माखल्या होत्या. मी मधल्या कप्प्यातले कपडे काढून आईच्या हातात दिले आणि फोनचा उजेड पाठीवर टाकला.

काच दोन तुकड्यांत होती. दोन्ही तुकडे आपापल्या जागी चिकटलेले, आणि मध्ये भेग. उजवा तुकडा डाव्यापेक्षा किंचित खाली होता.

"बघू," बाबा म्हणाले. मी बाजूला झाले. ते कपाटात डोकं घालून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांवर भुगा होता.

"दादा, मी जे बुजवलं," काका म्हणाले, "मला वाटलं जुनं घर आहे, चिरा पडतातच. दर पंधरा दिवसांनी परत उघडायच्या. मी परत भरायचो."

"तू मला फोन करायचास," बाबा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत.

"तुम्ही बोटीवर होतात. आणि चिरेसाठी काय फोन करायचा?" त्यांची मूठ अजून मिटलेली होती. "मी काल रात्री इथेच झोपलो होतो. पलंगावरची धूळ झटकून, चादर बदलून. वहिनींना तयार मिळावा म्हणून."

आई त्यांच्याकडे वळली. "भावोजी, रंग छान आहे," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली.

"ती इंजिनिअर किती म्हणाली होती?" बाबांनी मला विचारलं.

"पाच."

"मिलिमीटर?"

"हो. पाचच्या आत असेल तर तिला बोलवायचं."

"आणि वर असेल तर?"

"आधी बाहेर."

"मग तुम्ही दोघं वहिनींना घेऊन बाहेर जा की," काका म्हणाले. "मी मोजतो."

"तुला वाचता येत नाही ते," बाबा म्हणाले. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं त्यांचं व्हर्निअर होतं, मिलिमीटरचा दहावा भागही मोजणारी जबड्यांची पट्टी. फडकं त्यांनी आईच्या हातातल्या कपड्यांवर ठेवलं. मी शाळेत असताना याच व्हर्निअरवर त्यांनी मला वाचायला शिकवलं होतं: आधी मोठी रेघ, मग बारीक रेघांमधली जी सरळ जुळते ती, आणि घाई करायची नाही. त्यांनी जबडे मिटवून शून्य तपासलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि पुन्हा कपाटात वाकले.

मी फोन धरला. फटीत घालायचे वरचे छोटे जबडे काचेच्या दोन तुकड्यांमधून भेगेत गेले. बाबांनी ते अंगठ्याने हळूच पसरवले, दोन्ही कडांना टेकेपर्यंत. किंचित मागे घेतले, पुन्हा टेकवले. मग स्क्रू आवळला आणि व्हर्निअर बाहेर काढलं.

त्यांनी डोळे बारीक करून रेघा वाचल्या.

"किती?" आई म्हणाली.

बाबांनी व्हर्निअर माझ्याकडे दिलं. त्यांच्या आणि माझ्या वाचनात फरक पडला तर दोन्ही सोडून द्यायची आणि पुन्हा मोजायचं, हा त्यांचाच नियम. मी ते खिडकीशी नेलं, आधी मोठी रेघ बघितली, मग जुळलेली बारीक रेघ.

"मला किती आलं ते मी आधी सांगू?" मी विचारलं.

"सांग."

"सहा पॉइंट चार."

"मलाही," बाबा म्हणाले. "सहा पॉइंट चार."