वास भिंतीपलीकडचा

बँकेतून निवृत्त झाले तरी साहेबांचं साहेबपण काही उतरलं नव्हतं. घरात त्यांचा शब्द चालायचा, गल्लीतही तो चालावा अशी त्यांची अपेक्षा असायची. त्यामुळे पोर्चमध्ये घाण वास येऊ लागला, तेव्हा तो आपल्याच घरचा असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहायच्या. वास त्यांच्याच संडासाच्या टाकीचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

एके दिवशी बाईंच्या दारात गिऱ्हाइकं उभी असताना साहेब भर रस्त्यात कडाडले, "अहो बाई, लोकांचे कपडे शिवताय, आधी स्वतःची घाण आवरा! आम्ही काय नाक दाबून जगायचं?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "बघते, साहेब," एवढंच म्हणाल्या.

लवकरच त्यांच्या दारी मैला उपसणारा टँकर येऊन गेला. वास मात्र जसाच्या तसा. "काम धड करून घेतलं नसणार," साहेब बायकोला म्हणाले.

मग एका दुपारी, जेवणं उरकतात न उरकतात तोच, आतून बायकोची हाक आली. साहेब धावले. संडास तुडुंब भरला होता आणि बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. तेवढ्यात साहेबांचे म्हातारे वडील काठी टेकत आले. "मला जायचंय रे. आत्ताच जायचंय."

साहेबांनी घाईघाईने फोन लावला. टँकर आला, टँकरवाला खाली उतरला. "झाकण कुठंय?"

साहेबांनी पोर्चकडे पाहिलं. गाडी ऐटीत उभी राहावी म्हणून त्यांनी हौसेने चकचकीत फरशी घातली होती. "फरशीखाली गेलं," ते पुटपुटले.

"मग फोडावी लागेल."

घणाचे घाव पडू लागले तशी गल्ली गोळा झाली. तेवढ्यात साहेबांना दिसलं, बायको वडिलांना धरून फाटकाबाहेर चालली होती. नवऱ्याला विचारायला ती थांबलीच नाही. शिवणाऱ्या बाई मशीन सोडून बाहेर आल्या. "या आजोबा, सावकाश," म्हणत त्यांनी दुसरा हात धरला.

झाकण निघालं. टँकरवाल्याने आत बॅटरी मारली. "काठोकाठ भरलीय. आणि हा तडा बघा. सगळं झिरपून पलीकडे जातंय, त्या बाईंच्या अंगणाकडे." मग सहज म्हणाला, "त्यांची टाकी मीच उपसली होती. अर्धीसुद्धा भरली नव्हती. मी म्हटलं, गरज नाही. तर म्हणाल्या, शेजारी वैतागलेत, उपसाच."

साहेबांच्या कानशिलात आग उठली. जमलेल्यांपैकी कुणी हसलं असतं तरी बरं, असं त्यांना वाटलं.

पंप धडधडू लागला. साहेब बाईंच्या दाराशी गेले. आत वडील खुर्चीत बसून निवांत पाणी पीत होते. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, वास आमचाच होता. चुकलं माझं."

बाईंच्या गळ्यात मापाचा टेप तसाच लोंबत होता. "बोललात तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं, साहेब. आता तर समोर उभ्या मलाही ऐकू येत नाहीये."

घरात शिरून दार लावून घ्यावं, असं क्षणभर साहेबांच्या मनात आलं. पण ते टँकरवाल्याकडे गेले. "जरा बंद करा."

"अजून बरंच बाकी आहे."

"असू दे. बंद करा."

धडधड थांबली. सगळ्यांच्या नजरा वळल्या. साहेब गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. "मी या बाईंना... गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो. घाण माझ्या घरची होती, त्यांची नव्हती." आवाज चिरकला. "मला माफ करा, बाई."

दोघं-तिघं मान खाली घालून आपापल्या घरी निघाले.

"बरं," बाई दारातून म्हणाल्या. "आजोबांना इथेच राहू द्या, तुमचं घर धुऊन होईपर्यंत."

आणि आत गेल्या. माफ केलं की नाही, साहेबांना काही कळलं नाही. विचारायचं तोंडही नव्हतं. टँकरवाल्याने पुन्हा पंप सुरू केला. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खराटा उचलला आणि बाथरूमकडे वळले.

"राहू द्या, मी करते," परत आलेली बायको म्हणाली.

"नको," साहेब म्हणाले, आणि वर न पाहता घासायला लागले.