पाहुणा हात

मुंगी आपल्या उजव्या हाताला 'पाहुणा' म्हणते. नाव तिचं तिनेच ठेवलंय. घरात बसून असतो, जेवायच्या वेळी टेबलावर हजर असतो, पण काम सांगितलं की अंग चोरतो, म्हणून पाहुणा. मुंगी हे नाव मात्र आम्ही ठेवलं. रांगायच्या वयात ती रांगलीच नाही. बुडावर बसून, डाव्या हाताने स्वतःला पुढे ओढत घरभर फिरायची आणि वाटेत सापडेल ते बरोबर घेऊन जायची. चमचा, मोजा, बाबाचा चार्जर.

तिच्या जन्माच्या वेळी तिचा खांदा अडकला होता. अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं असतं, आणि ते करू शकणारे डॉक्टर त्याच इमारतीत होते. त्यांना वेळेवर बोलावलंच गेलं नाही. जे हजर होते त्यांनी घाबरून ओढलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या, काही तुटल्या. मला तेव्हा एवढंच कळलं, की बाळ रडतंय आणि खोलीतलं कोणीही माझ्याकडे बघत नाहीये.

चूक हॉस्पिटलची, असं कोर्टाने शेवटी मान्य केलं तेव्हा मुंगी शाळेत जायला लागली होती. त्या दिवशी तिचा बाबा कोर्टाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत राहिला, सुटलेली नसताना. आता एकच प्रश्न उरला होता: नुकसान किती. त्यासाठी कोर्टाने नेमलेले हाडांचे डॉक्टर मुंगीला तपासणार होते, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर. तिचे व्यायाम, पुढे लागलीच तर शस्त्रक्रिया, शाळेत मदतीला माणूस, सगळं त्या तपासणीवर ठरणार होतं. आमच्या दोघांच्या पगारात यातलं काहीच बसत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात अर्धवेळ जाते, तो शाळेची बस चालवतो. व्यायामवाल्या ताईंकडे जाणंसुद्धा आम्ही कमी कमी करत आणलं होतं. त्यांनी दाखवलेलं मी घरी करून घ्यायचे, चुकतमाकत, फळी आणि स्पंज घेऊन.

"नेहमी जशी असते तशीच घेऊन या तिला," आमच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या. "जास्त नको, कमी नको."

आणि नेमकं त्याच सुमारास मुंगी जाकीट घालायला शिकली.

कुणाची मदत न घेता, पुढच्या चेनसकट. बाबा बसवरून आला तर ही दारात जाकीट घालून उभी, घरात उकडत असताना. जेवतानाही काढलं नाही. "झोपताना तरी काढ गं," मी म्हटलं, तर म्हणाली, "पाहुण्याला विचारून सांगते."

म्हणून एका सोमवारी ती "येत नाही" म्हणाली तेव्हा मला वाटलं, लाडात आलीय.

"मुंगे, जाकीट घाल. उशीर होतोय."

"येत नाही."

मी घालून दिलं. संध्याकाळी चमचा धरायला येत नाही. दुसऱ्या दिवशी मोजा येत नाही. बाबाला काय, भरवायला मिळतंय म्हणून तो खूश. एक घास तिला, एक स्वतःला. मीही मनावर घेतलं नाही. मग एकदा संध्याकाळी बाहेर पडताना आमच्या इमारतीच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. त्या पायरीवरून ती रोज उडी मारते. ती उडी मारल्याशिवाय दिवस सुरू होत नाही आणि संपतही नाही.

"मार की उडी."

"येत नाही."

"उडीला हात लागतो का गं?"

ती बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करत असावी, लागतो का ते. मग माझं बोट धरून एक एक पाय खाली ठेवत उतरली.

मी तिथेच पायरीवर बसले. "तुला येत नाही, असं कोण म्हणालं?"

"ते सिक्रेट आहे."

"आईला पण नाही सांगायचं?"

तिने थोडा विचार केला. "आत्या म्हणाली, डॉक्टरकाकांना सगळं येत नाही सांगायचं. मला आलं तर पाहुण्याला बरं करायला पैसे नाही मिळणार. मग मी प्रॅक्टिस केली."

ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मी दुकानात असते तेव्हा मुंगीला शाळेतून आणणं, खाऊ घालणं, तिची बडबड ऐकणं, सगळं त्याच करतात. कोर्टाच्या एकूण एक तारखेला बाकावर माझ्या शेजारी बसलेली बाई. तिच्यावर चिडणं सोपं नाही. तरी मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्या मटार सोलत बसल्या होत्या.

"ताई, तुम्ही तिला खोटं बोलायला शिकवलंत."

"खोटं कशाला? हात काय खोटा आहे तिचा?" त्यांनी शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "बस. सोल. अगं, एका दिवसाचं नाटक. झालं की विसरेल."

"नाटक आहे हे तुम्हाला कळतं. तिला नाही कळत. ती आता पायरीवरून उडी मारत नाही."

ताईंचा हात थांबला, पण तोंड थांबलं नाही. "आणि ते? इतकी वर्षं आमची चूक नाही, आमची चूक नाही, असं तोंड वर करून सांगत होते. त्यांना कुणी विचारलं खरं काय ते? खरं बोलायचा मक्ता काय आपणच घेतलाय? पोरगी तिथे टुणकन जाकीट घालून दाखवेल आणि तो वकील म्हणेल, बघा, काय झालंय हिला, ठणठणीत आहे. मग बस तू आयुष्यभर फळी आणि स्पंज घेऊन."

मी उठले तेव्हा मटार बरेच सोलून झाले होते.

घरी तिच्या बाबाला सांगितलं तर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "ताईचं अगदीच चूक नाही गं. एवढी तपासणी होऊन जाऊ दे." तो असं म्हणाला याचा राग आला, आणि मलाही आतून तसंच वाटत होतं याचा जास्त आला. मी मुंगीला जवळ घेऊन एवढंच म्हटलं, की तिथे तुला हवं ते कर. पाच वर्षांच्या मुलीला असं काही सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

तपासणीची खोली लहान होती. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, उंच टेबल आणि त्यावर चढायला लाकडी पायरी. भिंतीला लागून दोन खुर्च्यांवर दोन वकील. आमच्या वकीलबाई आणि हॉस्पिटलचे एक उंच गृहस्थ. त्यांच्या चष्म्याची एक काडी वाकलेली होती, त्यामुळे चष्मा एका कानावर खाली कलला होता. इतक्या काळजीतही माझे हात शिवशिवत होते, तो काढून घेऊन सरळ करून द्यायला. मुंगीचा बाबा आणि ताई बाहेर बाकावर बसले होते, एकाच पालकाला आत सोडत होते म्हणून.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. आधी त्यांनी मुंगीला हात वर करायला सांगितलं. पाहुणा छातीपर्यंत आला आणि तिथून पुढे निघेना. त्यांनी कोनमापकासारखं काहीतरी लावून मोजलं, लिहिलं. बोटं दाबून बघितली. मग खुर्चीवर ठेवलेल्या जाकिटाकडे बोट दाखवलं.

"हे तुझं? छान आहे. घालून दाखवतेस?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. "येत नाही."

"बरं. हे बिस्किट उजव्या हाताने खाऊन दाखव."

"येत नाही."

"मग या लाकडी पायरीवरून उडी मारशील?"

"येत नाही."

आवाज अगदी बारीक. चेहरा असा, की पाठ केलेलं बरोबर म्हटलं ना, असं मला विचारत असल्यासारखा. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की झालं असतं. मला पाण्यातल्या व्यायामाचा तो तलाव दिसत होता ज्याबद्दल व्यायामवाल्या ताई एकदा बोलल्या होत्या आणि ज्याची फी ऐकून आम्ही विषय बदलला होता. आणि समोर ही उभी होती, उडीसुद्धा येत नाही म्हणणारी, आणि आता ते लिहूनही ठेवलं जात होतं.

"तिला येतं, डॉक्टर," मी म्हटलं.

वकीलबाईंनी डोळे मिटले. वाकड्या चष्म्याच्या वकिलांचं पेन टुक करून उघडलं.

"जाकीट घालते ती. घरी रोज घालायची. नाही म्हणायला तिला घरातूनच सांगितलं गेलं. आम्हाला भीती वाटली. चूक आमची आहे, तिची नाही." मग मी मुंगीसमोर खाली बसले. "मुंगे, सिक्रेट संपलं. तुला जे येतं ते दाखव, जे येत नाही ते राहू दे."

"मग पाहुणा बरा नाही होणार," ती म्हणाली. सगळ्यांसमोर.

डॉक्टर म्हणाले, "ते बघायचं काम माझं. तू जाकिटाचं बघ."

तिने जाकीट जमिनीवर पसरलं आणि त्याच्या शेजारी बसली. डाव्या हाताने पाहुण्याचं मनगट धरून त्याला बाहीच्या तोंडाशी आणलं, आत ढकललं. तो अर्ध्यात अडकला. मग तिने कॉलर दातांत धरली आणि अख्खी डावीकडे कलली, पार जमिनीला टेकेपर्यंत, तेव्हा कुठे बाही खांद्यावर चढली. दुसरी बाही पाठीमागे. ती शोधताना ती स्वतःभोवती फिरली, आपलंच शेपूट शोधणाऱ्या मांजरासारखी. मग चेन. खालचं टोक गुडघ्यांत दाबायचं, हनुवटीने वरचा भाग धरायचा आणि डाव्या हाताने चेनची पिन त्या बारक्या खाचेत घालायची. सुटली. पुन्हा सुटली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. वाकड्या चष्म्याचे गृहस्थ नकळत खुर्चीतून अर्धे उठले, मदतीला हात पुढे करून.

"थांबा काका," ती दात न उघडता म्हणाली, "मी करते."

ते खाली बसले. चेन लागली. ती गळ्यापर्यंत ओढून मुंगी उभी राहिली आणि धापा टाकत हसली. मी कितीतरी दिवसांनी तिला तशी हसताना बघत होते.

डॉक्टर हसले नाहीत. ते लिहीत होते, आता भराभर. "आता जाकीट काढ, बाळ. बनियनवर उभी राहा, माझ्याकडे पाठ करून." त्यांनी तिच्या मणक्यावरून बोट फिरवलं, वरून खाली. एका ठिकाणी ते बोट सरळ न जाता किंचित डावीकडे वळलं. मी रोज तिला आंघोळ घालते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"दुपारी थकते का?"

"शाळेत बाकावर डोकं टेकून झोपते. बाई तक्रार करतात, लक्ष नसतं म्हणून."

"डावा खांदा दुखतो म्हणते?"

"दुखतो," मुंगीनेच उत्तर दिलं. "पण तो पाहुणा नाही ना. त्याला सुट्टी नसते."

डॉक्टरांनी वर पाहिलं. मग दोन्ही वकिलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही दातांनी, मानेने, पाठीने जगतेय. येत नाही एवढंच ऐकलं असतं तर मी एका हाताचं लिहून मोकळा झालो असतो. हे बाकीचं राहूनच गेलं असतं."

बाहेर आले तर ताई उभ्याच होत्या. "बोललीस ना तू?" चेहऱ्यावरून ओळखलं त्यांनी.

"बोलले."

"मग आता?"

"माहीत नाही, ताई."

त्यांनी मुंगीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि पुढे चालायला लागल्या, ताडताड.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या फ्रेमचा स्क्रू बसवत होते. डॉक्टरांचा अहवाल वाचून हॉस्पिटलने पुढे वाद घातला नाही. मुंगीची वाढ पूर्ण होईपर्यंत व्यायाम, पाण्यातल्या व्यायामासकट. पाठीची दरवर्षी तपासणी. शस्त्रक्रिया लागली तर तिचाही खर्च. शाळेतल्या मदतनीसाचं मात्र अर्ध्या दिवसाचंच मान्य झालं. "त्याच्यासाठी अजून भांडता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण आज जरा चहा प्या." आजोबा चष्म्याशिवाय माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. "रडताय की हसताय?" त्यांनी विचारलं. "दिसत नाहीये मला, म्हणून विचारतो."

पण "येत नाही" काही त्या फोनने गेलं नाही. शिकवलेलं पटकन जात नाही. जाकीट परत सुरू झालं, चमचा सुरू झाला, तरी नवीन काही समोर आलं की आधी तेच शब्द यायचे. त्यामुळे तलावाच्या पहिल्या दिवशी मला पाण्यापेक्षा त्या दोन शब्दांचीच धास्ती होती.

बायकामुलींच्या बाजूला कोमट पाण्याचा उथळ तलाव होता. व्यायामवाल्या ताई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हात पुढे करत होत्या. मुंगी काठावर पाय दुमडून बसली.

"येत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून फटक फटक चपलांचा आवाज आला. ताई. डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली पिवळी रबरी टोपी, अंगात कुणाचा तरी उसना, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख. मी त्यांना घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा कधी उतरताना पाहिलं नव्हतं.

"आत्या, तू भोपळ्यासारखी दिसतेस," मुंगी म्हणाली.

"दिसू दे. मला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझ्या आईला विचार." शिडीची दांडी घट्ट धरून त्या एक एक पायरी उतरल्या, प्रत्येक पायरीवर श्वास रोखून. पाणी कमरेला लागलं तशी त्यांनी मुंगीकडे पाहिलं. "मी तुला शिकवलं ना, सगळ्याला नाही म्हणायचं? चुकलंच माझं. आता तू मला शिकव. चल, मला एकटीला भीती वाटते इथे."

मुंगीने आत्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि काठावरून घसरली.

ताईंनी तिला दोन्ही हातांनी पकडलं. व्यायामवाल्या ताईंनी पाठीखाली तळवा धरून तिला हळूहळू आडवी केली. आणि तिचा उजवा हात, जो हवेत छातीच्या वर कधी गेला नव्हता, पाण्याने उचलला. सावकाश बाजूला गेला, खांद्याच्या रेषेत आला, आणि मग त्याहूनही थोडा वर, कानाकडे. कुणी ओढत नव्हतं. मुंगी मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली, बोटं उघडून मिटत.

"आत्या," ती म्हणाली, "तू माझ्या आड येतेयस. बाजूला हो, मला बघू दे."