इंजिनाच्या जागी कोथिंबीर

चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करून मिस्त्री घरी बसले, आणि त्यांनी जाहीर केलं, "आता पायी फिरायचं आणि घरचं खायचं."

"इतकी वर्षं काय शेजारचं खात होता?" बायको म्हणाली.

पण मिस्त्रींनी खरंच मनावर घेतलं. इमारतीच्या आवारात दिवसभर ऊन पडे ते नेमकं त्यांच्या गाडीच्या जागेवर. गाडी विकून तिथे भाजी लावायची असं त्यांनी ठरवलं, तोच सेक्रेटरी नियमांची वही घेऊन हजर.

"मिस्त्री, या जागेत फक्त वाहन उभं राहील."

"बरं," म्हणून मिस्त्रींनी गाडी ठेवली आणि फक्त इंजिन विकलं. इंजिनाच्या जागी कोथिंबीर पेरली, डिकीत पालक. छत कापून मागच्या बाजूला टोमॅटो लावले. चाकांना मात्र दर आठवड्याला न चुकता ग्रीस.

"कुठे जायचंय हिला?" बायको विचारी.

"हाताला सवय आहे गं."

तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे तीन गाड्या. तिसरी पाहुण्यांच्या जागेत वर्षभर कापडाखाली झाकलेली. तिला हक्काची जागा हवी म्हणून डॉक्टरांनी सभेत ठराव मांडला, आणि तो मंजूरही झाला: रविवारी सकाळी प्रत्येक गाडी फाटकाबाहेर जाऊन परत यावी, न येईल तिची जागा जाईल.

शनिवारी मिस्त्रींना जेवण गेलं नाही. "आत्ता कुठे टोमॅटोंनी लाली धरलीय," एवढंच ते दोनदा म्हणाले.

रविवारी त्यांनी बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागून खांदा लावला.

"अहो, ब्रेक कुठला?"

"मधला. पण तो काढलाय."

"अगंबाई! मग थांबायचं कसं?"

"मी मागून ओढेन. तू समोर बघ!"

मातीने भरलेली गाडी एकट्याने हलेना. मग पहिल्या मजल्यावरच्या बाई पदर खोचून आल्या. त्यांच्या घरी रोजचा पालक इथलाच. पाठोपाठ आणखी चौघे आले. ग्रीस खाल्लेली चाकं लोण्यासारखी फिरली. गाडी बाहेर गेली, परत आली, एक टोमॅटोही पडला नाही.

"पण यात इंजिन नाही!" डॉक्टर ओरडले.

सेक्रेटरींनी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "ठरावात इंजिनाचा उल्लेख नाही, डॉक्टर. ठराव तुम्हीच लिहिलात." आणि त्यांनी नोंद केली: गाडी चालली.

मग डॉक्टरांच्या गाड्यांची पाळी आली. दोन झोकात जाऊन आल्या. तिसरीवरचं कापड निघालं, किल्ली फिरली. आवाज नाही. झाकण उघडलं तर उंदरांनी तारांचा फडशा पाडलेला.

"ढकला की हिलाही!" डॉक्टर काकुळतीला आले.

सगळ्यांनी मनापासून खांदा लावला, पण चाकं गंजून जाम. सेक्रेटरींनी लिहिलं: चालली नाही.

मिस्त्री मात्र मागे जाऊन डिकी उघडून वितीने खोली मोजत होते.

"मिस्त्री, बिघाड पुढे आहे!"

"ते दिसलं. पण डिकी खोल आहे, डॉक्टर. दुधी मस्त येईल यात."

"आमच्याकडे दुधी कोणी खात नाही," डॉक्टर पुटपुटले.

"मग वांगी लावू," मिस्त्री समजुतीने म्हणाले.