जू बघायला यायलेत

मी जू बोलतोय. खरं म्हणजे 'ते जू', म्हणून 'बोलतंय' म्हणायला पाहिजे. पण सगळी जिंदगी बापईगड्यांत आणि बैलांत गेली, तेव्हा बोलतोयच म्हणणार. शाळा मी बाहेरूनच बघितली, लेकरांना गाडीतून सोडायला गेलो तेव्हा. मला शिकवू नका.

ज्यांना जू माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. बैलगाडीच्या पुढं, दोन बैलांच्या मानेवर आडवं लाकूड असतं, ते जू. त्याच्या दोन्ही टोकांना भोकं, भोकांत उभ्या खुंट्या. त्या खुंट्यांना शिवळा म्हणतात. दोन शिवळांच्या मधी बैलाची मान. झालं. एवढंही माहीत नसलेली माणसं आज लाखालाखाच्या गाड्या हाकायलेत.

मी बाभळीचा. चारठाण्याच्या भुजंग सुतारानं मला तासलं. लिंबाजीच्या घरात आलेलं पहिलं जू म्हणजे मी. लिंबाजीचा बाप गावातल्या बन्सीधरच्या घरी सालगडी होता, जन्मभर दुसऱ्याचे बैल हाकले त्यानं. लिंबाजीनं स्वतःची जोडी घेतली तेव्हा म्हातारा जिवंत होता. त्यानं मला दोन्ही हातांत धरलं, वजन तोललं आणि विचारलं, "आपलं हाय हे?"

"आपलं."

"आपलंच न्हवं?"

मला हसू आलं. म्हातारा चळलाय, असं वाटलं.

लिंबाजीच्या बायकोनं, सरजाबाईनं, मला हळदकुंकू लावलं नाही. त्या बौद्धाच्या घरात ती चाल नाही. तिनं निळ्या कापडाची पट्टी फाडली आणि माझ्या मधोमध गाठ मारून बांधली. पट्टीचा रंग उडाला, गाठ अजून हाय.

बादशा आणि वजीर, ही माझी जोडी. नावं निजामाच्या दरबारातली, खाणं कडब्याचं. जिंतूरला कापूस नेला, बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली. लिंबाजीचा पोरगा सिद्धोधन माझ्यामागंच बसून शाळेला गेला. मी स्वतःला या घराच्या कपाळावरचा दागिना समजत होतो. फक्त दरवर्षी जयंतीच्या भाषणात कोणीतरी पाहुणा ओरडायचा, "आपण मानेवरचं जू फेकून दिलं!" आणि सगळं गाव टाळ्या वाजवायचं. गोठ्यात मला लय राग यायचा. मी यांचं काय वाकडं केलं होतं?

सिद्धोधनला नाशिकला नोकरी लागली. बैल म्हातारे झाले, गेले. गाडी गेली. शेतात ट्रॅक्टर आला. मला गोठ्यात दोन आढ्यांवर आडवं टाकून दिलं. तेवढ्यात सिद्धोधनची बायको धम्मशीला तान्ह्या लेकीला घेऊन उन्हाळ्याला आली. लेकीचं नाव संघप्रिया. गोठ्यात गार वारा येतो म्हणून सरजाबाईनं तिची झोळी माझ्यावर टांगली. मी कापसाचा भार ओढला होता, पण हा भार निराळा. अख्खा उन्हाळा मी कुरकुर सुद्धा केली नाही.

मग ती माणसं येईनाशी झाली. नाशिकच्या उन्हाळ्यात शिबिरं असतात, क्लास असतात. फोनवर "येतो, येतो" म्हणायचे. माझ्यावर कोंबड्या बसायला लागल्या. काय काय केलं त्यांनी माझ्यावर, ते सांगत नाही.

फाट्यावर सूर्यभानचा ढाबा हाय. तो एक दिवस आला आणि लिंबाजीला म्हणाला, "काका, ते जू देता का? भिंतीला लावतो. गिऱ्हाइकांना जुनं सामान लय आवडायलंय."

"चूल पेटवीन, पण देणार न्हाई," लिंबाजी म्हणाला.

मला आधी बरं वाटलं. मग चुलीचं आठवलं.

आणि या उन्हाळ्याच्या तोंडाला तो फोन आला. लिंबाजीला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजात असतो. गोठ्यात सुद्धा सगळं कळतं.

"आबा," सिद्धोधन म्हणाला, "यंदा सुट्टीत गाडी घेऊन निघायलाव. जू बघायला. संघप्रियाचा लय हट्ट हाय."

लिंबाजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "काय बघायला?"

"जू, आबा, जू! तुमी आन् माय बी चला संगं."

फोन ठेवून लिंबाजी अंगणात उभाच राहिला.

"काय म्हणला?" सरजाबाईनं विचारलं.

"जू बघायला यायलेत."

"जू? आपलं?"

"मंग कोणाचं? नातीनं हट्ट धरलाय म्हणं."

मी हादरलो. आढ्यावर होतो म्हणून, नाहीतर पडलोच असतो. नाशिकहून माणसं मला बघायला येणार! कोंबडी माझ्यावर बसली होती, तिची मला पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं मला खाली काढलं. घासलं, धुतलं, करडईचं तेल चोळलं. नव्या शिवळा बसवल्या. तेल मुरलं की पुन्हा चोळायचा. गावभर सांगत सुटला. बन्सीधरनं पारावर अडवलं.

"लिंबाजी, नुसतं लाकूड काय बघतील रे ते? बैल न्हाईत, गाडी न्हाई."

"तुजी जोडी दे की एक दिवस. गाडी बी दे."

"ने. पण माझ्या गाडीला जू हाय की."

"तुझं लोखंडी पाइपाचं हाय. त्याला जू म्हणतेत का? नळाला लाव ते."

बन्सीधर हसला आणि कबूल झाला. त्याच्या बापाकडं लिंबाजीचा बाप सालगडी होता. आता तो लिंबाजीला बैल द्यायला तयार झाला. गाव बदलतं, पण चिमटे काढायचं बदलत नाही.

मग संघप्रियाचा फोन आला. तिनं घरी भिंतीवर नकाशा लावला होता म्हणे, रस्त्यांवर लाल रेघा मारल्या होत्या.

"आबा, आपण तीन जू बघणार! आधी पुण्याचा, मग संभाजीनगरचा. मग तुम्हाला घ्यायचं आणि हैदराबादचा. तो सगळ्यात मोठा!"

"तीन?" लिंबाजी म्हणाला. "मोठा म्हंजी केवढा गं?"

"खूप! हत्ती पण आहे तिथं."

"हत्तीला बी?"

"हो! आणि पिंजरे असतात. आणि एका ठिकाणी मोकळे सोडलेत, तिथं गाडीत बसून बघायचं. काचा बंद करून."

"काचा कशापायी बंद?"

"अंगावर येतात ना, आबा!"

फोन बंद झाला. लिंबाजी माझ्याजवळ येऊन बसला. 

"तू कधी कोणाच्या अंगावर आलास का रे?" त्यानं मला विचारलं.

मी काय सांगणार? मीच सुन्न झालो होतो. जू पिंजऱ्यात? जू मोकळं सोडलेलं? कोणत्या मुलखात चाललीत ही माणसं?

सरजाबाईनं चुलीपासून आवाज दिला, "निजामाचं गाव हाय ते. तिथं हत्तीला बी जू लावत असतील."

"एकदा विचारून तर घ्यावं," लिंबाजी पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "न्हाई. अडाणी म्हणतील."

इथंच चूक झाली. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारलं नसतं.

पुण्याहून निघालो, संभाजीनगर बघितलं, असे फोन येत राहिले. घरी यायचं काही कोणी बोलेना. शेवटी सिद्धोधन म्हणाला, "आबा, घरी वळलं तर उशीर होईल. तुमी फाट्यावर थांबा, तिथूनच उचलतो. हैदराबाद गाठायचंय."

लिंबाजीनं नुसतं "बरं" म्हटलं. नात अंगणात येईल म्हणून त्यानं गोठा सारवून घेतला होता, ते त्यानं फोनवर सांगितलं नाही.

"ते घरी न्हाई येत तर आपण जू फाट्यावर नेऊ," तो सरजाबाईला म्हणाला. "तीन-तीन ठिकाणची बघायलेत. घरचं बघू द्या."

मे महिन्याचं ऊन. बन्सीधरचे बैल, बन्सीधरची गाडी, आणि मानेवर मी, तेलानं चमकणारा. सरजाबाई मागं धपाट्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. इतक्या वर्षांनी मानेचा ऊबदार स्पर्श झाला. सांगू नये, पण मला रडू आलं. बन्सीधर तमाशा बघायला मोटारसायकलवर पुढं गेला होता.

पांढरी गाडी ढाब्यापुढं थांबली. सिद्धोधन उतरला.

"आबा! बैलगाडी कशाला? एक पिशवी तर आणायची होती."

लिंबाजी छाती काढून उभा राहिला. माझ्यावर हात ठेवला.

"बघा. काचा खाली करा. हे कोणाच्या अंगावर येत न्हाई."

"काय?"

"जू! गावोगाव बघत निघालात न्हवं? हे घरचं. बाभळीचं."

सिद्धोधन त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. संघप्रियानं खिडकीतून डोकं काढलं. "आबा, जू म्हणजे प्राणीसंग्रहालय! वाघ, सिंह, अस्वल! तुम्हाला काय वाटलं?"

इंग्रजीत जनावरांच्या बागेला माझं नाव! तोच उच्चार, रत्तीभर फरक नाही. मला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. मी जागच्या जागी गार झालो.

बन्सीधर आधी हसला. "लिंबाजी, मंग वाघाला जुंपायचं होतं का रे?" ढाब्यावरचे ट्रकवाले हसले. सूर्यभान हसला. सिद्धोधनलाही आवरलं नाही.

लिंबाजीचा हात माझ्यावरच होता. 

"जा तुमी," तो म्हणाला. "वाघ खोळंबला आसंल."

सरजाबाई गाडीतून उतरली आणि पोरासमोर उभी राहिली. "हसायला काय झालं रे? तुमी बघायला येणार म्हणून तुजा बाप या लाकडाला महिनाभर तेल चोळायलाय. गोठा सारवला. आन् तुमाला दारात पाय ठिवायला उसंत न्हाई. आमाला फाट्यावरून उचलायलात, गोणीवानी!"

सिद्धोधनचं हसू विरलं. धम्मशीला गाडीतून उतरली, सासूच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि माझ्याजवळ येऊन थांबली. विटलेली निळी पट्टी तिनं बोटांत धरली.

"अवो, ह्याच्यावर हिची झोळी होती," ती नवऱ्याला म्हणाली. "दोरीचा काच अजून हाय, बघा."

पण संघप्रिया मला बघतच नव्हती. ती बैलाजवळ गेली होती. माझ्याखाली हात घालून मान चाचपत होती.

"आबा, याला इथं काय झालंय?"

"घट्टा हाय तो. कातडं घट होतंय."

"कशानं?"

लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. "जुवानं."

"दुखतं त्याला?"

 एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"पुण्याच्या वाघाला फिरायला तरी जागा होती," पोरगी म्हणाली.

बास. मला जे बसलं ते इथं. ढाब्यावर लोक हसले, त्याचं काही वाटलं नव्हतं. मी स्वतःला दागिना समजत होतो, आणि मी पिंजरा निघालो. जगातला सगळ्यात लहान पिंजरा, एका मानेचा. जयंतीला लोक टाळ्या का वाजवायचे ते कळलं. आणि लिंबाजीचा बाप मला हातांत घेऊन दोन-दोनदा काय विचारत होता, तेही कळलं. दुसऱ्याचं जू जन्मभर त्याच्याच मानेवर होतं, माझं वजन त्याला तिथनं ठाऊक होतं. हातात घेऊन तो पहिल्यांदा बघत होता. म्हातारा चळला नव्हता. मीच येडा.

"काढ ती शिवळ," लिंबाजी नातीला म्हणाला.

तिला ती हलेना. सिद्धोधन पुढं आला. बैलाच्या मानेला हिसका बसू नये म्हणून आधी मला खांद्यावर उचलून धरावं लागतं. ते तो विसरला नव्हता. त्यानं मला खांद्यावर घेतलं, पोरीनं दोन्हीकडच्या शिवळा ओढल्या, बैल बाहेर आले आणि लिंबाच्या सावलीला गेले.

सिद्धोधन तसाच उभा. इस्त्रीचा सदरा आणि मानेशी मी. लिंबाजीनं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पार बदलला.

"खाली ठेव ते," तो म्हणाला. "आधी खाली ठेव. तुज्या खांद्यावर नगं."

सिद्धोधननं मला गाडीपासून सोडवून खाली ठेवलं. लिंबाजीनं पोराच्या मानेवरून हात फिरवला, धूळ झटकल्यासारखा. मग नातीच्या मानेवरून. सगळ्यांदेखत, भर फाट्यावर.

"हैदराबाद उद्या," सिद्धोधन म्हणाला.  "आज घरी जाऊ."

"आन् माझी गाडी?" बन्सीधर ओरडला. "बिनजुवाची कशी नेऊ?"

"तुझं पाइपाचं आण!" लिंबाजी म्हणाला आणि मग मात्र तोही हसला. पांढरी गाडी गावाकडं वळली. जाता जाता लिंबाजीनं सूर्यभानला माझ्याकडं नुसतं बोट दाखवलं, ने म्हणून.

म्हणून मी आता ढाब्याच्या भिंतीवर हाय. माझ्यावर एक दिवा टांगलाय, त्याला किडे येतात. लोक पाठ करून उभे राहतात आणि माझ्यासंगं फोटो काढतात. मला ते कळत नाही. बघायचं असलं तर तोंड इकडं करा की.

हैदराबादहून येताना लिंबाजी इथं उतरला होता. सगळी चहा पीत होती. तो एकटाच माझ्यापुढं आला आणि हळूच म्हणाला, "वाघ बघितला. येरझारा घालायलाय नुसता. तुजी आठवण झाली." मग सगळी घरी गेली. गाडी दोन दिवस गावातच होती म्हणे.

तुम्हीही सुट्टीत लेकरं घेऊन याच रस्त्यानं जाल. जेवायला थांबाल. लेकरू विचारील, हे काय? शोभेचं लाकूड म्हणून सांगाल तर मी अंगावर येईन, काचा बंद असल्या तरी. खरं सांगा, हे मानेवर ठेवत होते. आणि सांगताना लेकराच्या मानेवरून एकदा हात फिरवून बघा. काही लागत नसलं हाताला, तर जा पुढं वाघ बघायला.